उणे १९६ अंशांवरचा दुधाचा दात

दुधाचा दात पडला की त्याचे काय करायचे, हे आपल्याकडे आजी ठरवते. कुठे तो कौलांवर भिरकावतात, कुठे उंदराच्या बिळात टाकतात. म्हैसूरकडे शेणाच्या गोळीत खोचून छपरावर फेकायची रीत आहे. गेल्या दीड दशकात या यादीत आणखी एका जागेची भर पडली. ती म्हणजे द्रवरूप नायट्रोजनची टाकी, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. दाताच्या गरातल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, तिथे गोठवून ठेवा. पुढेमागे मुलाला मधुमेह झाला, मणक्याला इजा झाली किंवा दातच गेला, तर त्या उपयोगी पडतील, असे पालकांना सांगितले जाते. वर्षांच्या हिशेबाने त्याचे शुल्क असते. उंदीर निदान पैसे मागत नव्हता.

म्हैसूर हे दातांच्या बाबतीत जाणते शहर म्हणायला हवे. जवळच्या नंजनगूडला बी. व्ही. पंडितांनी १९१३ साली सद्वैद्यशाला काढली आणि तिथले दंतमंजन जुन्या म्हैसूर संस्थानातल्या घराघरांत पोहोचले. १९८६ साली इथे जेएसएस दंत महाविद्यालय सुरू झाले. दीडशे किलोमीटरच्या आत बेंगळुरू आहे आणि तिथे मूलपेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, कंपन्याही आहेत. तेव्हा एकीकडे दंतमंजन, दुसरीकडे दंत महाविद्यालय आणि तासा-दोन तासांवर जैवतंत्रज्ञानाची राजधानी अशा गावातल्या आईबापांना ‘साठवून ठेवायचे का?’ असा प्रश्न पडला तर नवल नाही. तो पुण्यात, बेळगावात, ठाण्यातही पडतो.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, दातातल्या मूलपेशी ही थाप नाही. त्या आहेत, त्यांचा दंतोपचारात उपयोगही होऊ लागला आहे. पण आज आपल्या डॉक्टरांच्या खुर्चीत ज्या पेशी काम करतात, त्या मुलाच्या जबड्यात, दाताच्या मुळाच्या टोकाशी जागच्या जागी असतात. त्या मिळवायला कोणाला शुल्क भरावे लागत नाही. फक्त दाताला मार बसल्यावर मूल वेळेत दवाखान्यात पोहोचावे लागते. नेमकी हीच गोष्ट कोणी जाहिरातीत सांगत नाही.

थोडा इतिहास पाहू. २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस, पामेला रोबी, सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या गरातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्या पेशी उंदरांच्या शरीरात ठेवल्यावर तिथे दंतद्रव्यासारखा थर तयार झाला. शी हे मुळात लहान मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला तेव्हा त्याच्या पोकळीत लालसर ऊती अजून शिल्लक असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि बाप तो दात घेऊन प्रयोगशाळेत गेला. त्यातून २००३ सालचा तो शोधनिबंध आला, ज्याने दुधाच्या पडलेल्या दातांतही मूलपेशी असतात हे दाखवले. या पेशी अक्कलदाढेतल्या पेशींपेक्षा भराभर वाढतात, हेही त्यात होते. पुढे २००४ मध्ये दात आणि हाड यांना जोडणाऱ्या तंतूंत आणि २००६ मध्ये वाढत्या मुळाच्या टोकाशी असलेल्या मऊ गोळ्यातही मूलपेशी सापडल्या. हा शेवटचा शोध लक्षात ठेवावा, कारण खुर्चीतला खेळ तिथेच रंगतो.

त्या २००३ च्या निबंधातला एक आकडा मात्र माहितीपत्रकांत शोधून सापडणार नाही. एका दुधाच्या दातातून वसाहत करू शकणाऱ्या पेशी मिळाल्या १२ ते २०. लाख नव्हे, हजार नव्हे. प्रयोगशाळेत त्या वाढवता येतात हे खरे, पण सुरुवात इतक्या मुठीने होते. शिवाय दात महिनाभर हलत राहिला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गर मरतो. खोलवर किडलेल्या दातात तो आधीच सडलेला असतो. आपल्या देशात २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांचे काही ना काही दात साठवण्याआधीच किडलेले. म्हैसूरपाकाच्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक घोळ नेहमी होतो. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी रक्त बनवणाऱ्या असतात. रक्ताच्या काही आजारांत त्यांचे प्रत्यारोपण ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे. दाताच्या गरातल्या पेशी त्या कुळातल्या नाहीत. त्या हाड, कूर्चा, चरबी, दंतद्रव्य अशा ऊतींकडे झुकणाऱ्या आहेत. ल्युकेमिया किंवा थॅलसेमिया झालेल्या मुलाला त्यांचे प्रत्यारोपण करून रक्त तयार होणार नाही. तरीही ‘प्रसूतीच्या वेळी नाळ साठवायची राहून गेली, आता दात साठवा’ अशी जोडी लावली जाते तेव्हा ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकच वाटतात. नाळेचे रक्त जन्मात एकदाच मिळते. दुधाचे दात वीस असतात, ते सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत एकेक करून पडत राहतात आणि नंतर अक्कलदाढा येतात त्या वेगळ्याच. ‘ही शेवटची संधी’ म्हणून घाई करण्यासारखे त्यात काय आहे?

मराठी माणसाचा या संशोधनातला वाटा लहान नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे यांनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आणि मूलपेशी यांवर वर्षानुवर्षे काम केले. नंतर ते बेंगळुरूला मणिपालच्या पुनरुज्जीवन वैद्यकाच्या संस्थेत गेले. २०११ मध्ये त्यांच्या गटाने मलेशियातल्या संशोधकांबरोबर दाताच्या गरातल्या पेशींपासून स्वादुपिंडातल्या बेटांसारखे पुंजके तयार केले. २०१३ मध्ये त्यापुढचे पाऊल प्रसिद्ध झाले. हे पुंजके मधुमेही उंदरांत बसवल्यावर त्यांची रक्तातली साखर मूळ पातळीवर आली आणि त्यातही दुधाच्या दातातल्या पेशी कायमच्या दातातल्या पेशींपेक्षा सरस ठरल्या. पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयातही आता पुनरुज्जीवन वैद्यकाची प्रयोगशाळा आहे आणि तिथून दाताच्या पेशींवरचे निबंध सातत्याने येत असतात.

काम उत्तम, पण ते उंदरांवरचे. उंदराची साखर उतरली म्हणजे माणसाची उतरेल, असे त्या संशोधकांनीही म्हटलेले नाही. विज्ञानात उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये बऱ्याचदा दहा-वीस वर्षे आणि बऱ्याचदा अपयश असते. बाजारात मात्र हे अंतर एका वाक्यात कापले जाते. मुंबईत स्टेमेड बायोटेक ही दाताच्या मूलपेशी साठवणारी कंपनी सुरू झाली तेव्हा वृत्तपत्रांनी ‘देशातली पहिली दंत-मूलपेशी बँक’ म्हणून तिचे स्वागत केले. त्या बातम्यांत भविष्यातल्या आजारांची यादी लांबलचक होती.

मग कायदा काय म्हणतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७ साली मूलपेशींसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा त्यांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द नावातूनच काढून टाकला. देशभर ‘स्टेम सेल थेरपी’च्या पाट्या लागल्या होत्या आणि सरकारी दस्तऐवजातला तो एक शब्द त्या पाट्यांना टेकू देत होता. २०१७ च्या आवृत्तीने साठवणुकीचाही निकाल लावला. परवानगी फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकांना. दाताचा गर, चरबी, मासिक पाळीचे रक्त, नाळेची ऊती असे इतर कोणतेही जैविक साहित्य व्यापारी तत्त्वावर साठवायला पुढील सूचना येईपर्यंत मनाई. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार प्रयोगशाळेत वाढवलेल्या, बदललेल्या पेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ समजले जाते. ते रुग्णाला द्यायचे तर औषध महानियंत्रकांची परवानगी हवी.

इतका स्पष्ट नियम असूनही इंटरनेटवर शोध घेतला की दात साठवण्याची आमंत्रणे मिळतात. नियम झाला की त्याची अंमलबजावणी कोणीतरी करतच असेल, असे आपण गृहीत धरतो. दंतवैद्यांच्या संघटनांनी तरी आपल्या सभासदांना हे स्वच्छ सांगायला हवे होते. दवाखान्यात बाकावर ठेवलेल्या रंगीत पत्रकावर डॉक्टरांची सही नसते, पण पालकांना ती दिसते.

आता खुर्चीकडे वळू. आठ-नऊ वर्षांचे मूल सायकलवरून, झोपाळ्यावरून किंवा शाळेच्या पायऱ्यांवरून पडते आणि वरचा पटाशीचा दात मोडतो. बहुतेकदा हाच, कारण तो पुढे आलेला असतो. हा दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतो, पण त्याचे मूळ पूर्ण व्हायला पुढची तीनेक वर्षे लागतात. तोवर मुळाचे टोक उघडे असते, भिंती पातळ असतात. मार बसून आतला गर मेला, की मुळाची वाढ तिथल्या तिथे थांबते. बाहेरून दात मोठ्या माणसाचा दिसतो. आतून तो अर्धवट बांधकामासारखा राहतो.

नेहमीची रूट कॅनाल इथे चालत नाही. उघड्या टोकातून भराव बाहेर जातो. म्हणून पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने भरून टोकाशी कठीण अडसर तयार होण्याची वाट पाहत. १९९० च्या दशकात एमटीए हे सिमेंटसारखे द्रव्य आले, त्याने टोक एक-दोन भेटींत बुजवता येऊ लागले. दोन्ही उपायांनी दुखणे थांबते, पण भिंती पातळच राहतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, उपचारानंतरच्या काही वर्षांत हिरडीजवळ मोडणाऱ्या दातांचे प्रमाण मूळ अगदी कोवळे असताना ७७ टक्के, तर मूळ जवळजवळ पूर्ण झालेले असताना २८ टक्के होते. नवव्या वर्षी वाचवलेला दात तेराव्या वर्षी सफरचंद खाताना तुटतो आणि त्या वयात तिथे इम्प्लांटही बसवता येत नाही, कारण जबडा अजून वाढत असतो.

मूलपेशींचा खरा उपयोग इथे होतो. पहिल्या भेटीत डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत जाणार नाही. मग दाताच्या पोकळीत सौम्य सोडियम हायपोक्लोराइट सोडून ती धुतात. नेहमीच्या रूट कॅनालमध्ये कानशीसारख्या बारीक सुया फिरवून आतल्या भिंती घासतात. इथे घासणे जवळजवळ वर्ज्य. भिंती आधीच पातळ, आणि टोकाशी जिवंत पेशी असण्याची शक्यता. म्हणून औषधही जपून, कारण तीव्र हायपोक्लोराइटने जंतूंबरोबर त्या पेशीही मरतात. आत जंतुनाशक पेस्ट किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दात तात्पुरता बंद करतात आणि मुलाला दोन-चार आठवड्यांनी बोलावतात.

दुसऱ्या भेटीतला प्रसंग पाहण्यासारखा असतो. भूल देतात, पण ॲड्रेनालिन नसलेली, कारण ॲड्रेनालिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्त हवे असते. पोकळी ईडीटीएने धुतात. त्याने दाताच्या भिंतीत अडकलेली वाढीची प्रथिने मोकळी होतात. मग एक बारीक फाइल मुळाच्या टोकापलीकडे एक-दोन मिलिमीटर मुद्दाम नेऊन तिथल्या ऊतीला टोचतात. रक्त पोकळीत हळूहळू वर चढते. हिरडीच्या पातळीखाली दोन-तीन मिलिमीटरवर आले की डॉक्टर ओल्या कापसाचा बोळा अलगद ठेवून थांबतात. काही मिनिटांत गुठळी धरते. त्यावर एमटीएचा थर, वर दाताच्या रंगाचे भरण. एरवी दंतवैद्य ज्या रक्तस्रावाला शत्रू मानतो, तो इथे मुद्दाम घडवून आणतात.

या गुठळीची कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्येच दाताच्या पोकळीत रक्त भरल्यावर काय होते, हे तपासले होते. २००१ मध्ये जपानच्या इवाया यांनी तेरा वर्षांच्या मुलीच्या आणि २००४ मध्ये बँक्स व ट्रोप यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या उपदाढेवर हा उपचार यशस्वी केल्याचे लिहिले. दुसऱ्या प्रकरणात दोन वर्षांनी मूळ बंद झाले, भिंती जाड झाल्या आणि दाताला थंडही जाणवू लागले. असे का होते याचा पुरावा २०११ मध्ये मिळाला. मुळाच्या टोकाला टोचल्यावर पोकळीत आलेले रक्त आणि त्याच मुलाच्या अंगातले रक्त यांची टेक्सासमधल्या संशोधकांनी तुलना केली, तेव्हा पोकळीतल्या रक्तात मूलपेशींच्या खुणा काही बाबतींत सहाशे पटींपर्यंत जास्त निघाल्या. फाइलच्या टोचणीने मुळाच्या टोकाशी दडलेल्या पेशी रक्ताबरोबर आत वाहून येतात. २००६ मध्ये जो मऊ गोळा ओळखला गेला, त्याच ठिकाणच्या.

म्हैसूरसारख्या गावातल्या दंत महाविद्यालयात या उपचाराला लागणारी प्रत्येक वस्तू कपाटात असते. रबर डॅम, हायपोक्लोराइट, ईडीटीए, एमटीए, क्ष-किरण यंत्र. पेशींची प्रयोगशाळा नको, गोठवणूक नको, परदेशी परवाना नको. लहान मुलांच्या दंतविभागातले किंवा रूट कॅनालच्या विभागातले एमडीएसचे विद्यार्थी हे शिकतात. तरी कितीतरी गावांत असा दात आजही सरळ काढून टाकला जातो, कारण पालक पंधरा दिवसांनी येतात किंवा जवळच्या डॉक्टरने याचे नावच ऐकलेले नसते.

यात सगळे गोड नाही, हेही सांगायला हवे. पोकळीत जे उगवते तो दरवेळी खरा गर नसतो. प्राण्यांवरच्या आणि नंतर काढलेल्या मानवी दातांवरच्या तपासण्यांत बऱ्याचदा तिथे हाडासारखी किंवा मुळाच्या बाहेरच्या आवरणासारखी ऊती सापडली. दंतद्रव्य बनवणाऱ्या पेशींची शिस्तीत लावलेली रांग क्वचितच दिसली. काही दातांत मूळ लांबत नाही. तीन अँटिबायोटिकच्या पेस्टमधल्या मिनोसायक्लिनने दात करडा पडतो आणि मुलीच्या आईला मूळ वाचल्याच्या आनंदापेक्षा रंगाचे दुःख जास्त होते. म्हणून आता बरेच डॉक्टर ते टाळतात. अमेरिकेतल्या रूट कॅनालतज्ज्ञांच्या संघटनेने यशाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली, दुखणे आणि जंतुसंसर्ग जाणे. दुसरी, मूळ जाड आणि लांब होणे. तिसरी, दाताला संवेदना परत येणे. पहिली पायरी बहुतेकांना गाठता येते, तिसरी थोड्यांना. पण ज्या दातात आधी मृत पोकळी होती, तिथे काहीतरी जिवंत आले, हा फरक लहान नव्हे.

मग बाहेरून मूलपेशी आणून घालण्याचे काय? तेही झाले आहे. चीनमध्ये शिआनच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठात ४० मुलांवर चाचणी झाली आणि ती २०१८ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. ३० मुलांच्या मार लागलेल्या पटाशीच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या सुळ्यातून काढलेल्या पेशी वाढवून बसवल्या, १० मुलांवर जुना उपचार केला. वर्षभराने पेशी मिळालेल्या मुलांच्या मुळांची लांबी वाढलेली होती, दातात रक्ताभिसरण होते आणि विजेच्या सौम्य चाचणीला दात प्रतिसाद देत होते. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी २०१७ मध्ये मोठ्या माणसांवरचा छोटा प्रयोग लिहिला. पाच रुग्णांना त्यांच्याच नको असलेल्या दातांतल्या पेशी दिल्या, चौघांचे दात चाचणीला प्रतिसाद देऊ लागले.

या दोन्ही प्रयोगांतली समान गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. मुलाच्या तोंडात अजून असलेला सुळा किंवा मोठ्याची नको असलेली दाढ, यांतून पेशी गरजेच्या वेळी काढल्या गेल्या. वीस वर्षे गोठवून ठेवलेल्या पेशी कोणी बाहेर काढल्या नव्हत्या. ज्या मुलाला मार बसतो, त्याच्या तोंडात त्या वयात दुधाचे सुळे बहुधा असतातच. ते नैसर्गिक क्रमाने दहा ते बाराव्या वर्षी पडतात. म्हणजे ज्या एका उपचारात दुधाच्या दातातल्या पेशी माणसाला खरोखर उपयोगी पडल्याचा चांगला पुरावा आहे, त्यालाही बँकेची गरज पडली नाही. गरज पडली ती औषधनिर्मितीच्या दर्जाच्या प्रयोगशाळेची. पेशी निर्जंतुक वातावरणात वाढवायच्या, त्यांत जनुकीय बिघाड नाही ना हे तपासायचे, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी तुकडी. खर्च तिथे आहे.

भारताला हे अशक्य नाही. बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सने अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून बनवलेल्या औषधाला रक्तवाहिन्यांच्या बर्गर आजारासाठी २०१६ मध्ये मर्यादित परवानगी मिळवली आणि पुढे गुडघ्याच्या झिजेसाठीही. रीतसर चाचण्या, महानियंत्रकांची छाननी, सगळे करून. मग दाताच्या बाबतीत हाच रस्ता का नको? बेंगळुरूची प्रयोगशाळा, म्हैसूर, बेळगाव, पुणे, नागपूरची दंत महाविद्यालये आणि आयसीएमआरचा पैसा एकत्र आला, तर शिआनसारखी चाचणी इथल्या मुलांवर, इथल्या नियमांत होऊ शकते. मुलांना मार बसायचा काही तुटवडा नाही.

तोवर पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. कोणी दातावर ‘स्टेम सेल उपचार’ सुचवला, तर सीटीआरआय, म्हणजे भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक मागावा; २००९ पासून चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे आणि ती वही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. दुसरे, पैसे मागितले तर कान टवकारावेत. आयसीएमआरच्या नियमांनुसार प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. ज्याची चाचणी सुरू आहे त्याचे पैसे मागता येत नाहीत, आणि ज्याची चाचणी सुरूच नाही ते देता येत नाही.

आणि मुलाचा कायमचा दात मुळासकट बाहेर पडला, तर? तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. मूळ घासायचे नाही, कारण मुळाच्या अंगावर चिकटलेल्या तंतूंमध्ये त्याच मूलपेशी असतात, २००४ मध्ये सापडलेल्या. माती लागलेली असेल तर क्षणभर दुधात किंवा सलाइनमध्ये विसळून तिथल्या तिथे खोबणीत बसवायचा, मुलाला रुमाल चावून धरायला सांगायचे आणि दवाखाना गाठायचा. बसवणे जमले नाही तर दात दुधात ठेवायचा, साध्या पाण्यात नाही. म्हैसूरच्या कुठल्याही कोपऱ्यावर नंदिनी दुधाची पिशवी मिळते, महाराष्ट्रात गोकुळ, चितळे, वारणा. मूळ कोरडे पडून तासभर झाला, की त्यावरच्या पेशी गेल्या. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही. खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते. हे शाळेतल्या पीटीच्या शिक्षकाला माहीत असणे आणि त्याला शाळेच्या कार्यालयात दुधाची पिशवी सापडणे, याला दरवर्षी काही रुपये लागतात.

साठवणुकीला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. दात सरळ करण्यासाठी ब्रेसेस लावताना बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या अनेकदा चार निरोगी उपदाढा काढाव्या लागतात. त्यांत भरपूर जिवंत गर असतो. दंत महाविद्यालयांत असे दात आणि अक्कलदाढा रोज निघतात आणि त्यांतले बहुतेक २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात. मुलाच्या पालकांची लेखी संमती घेऊन, नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीने, या दातांची एक सार्वजनिक संशोधन-पेढी उभी करता येईल. तिथल्या पेशी कोणा एका मुलाच्या नावावर नसतील, त्यांचे शुल्क नसेल, आणि पुणे-म्हैसूरपासून कोणत्याही संशोधकाला त्या मागता येतील. आयसीएमआरने मनाई व्यापारी साठवणुकीला केली आहे. संशोधनाचा दरवाजा नियमांतच उघडा आहे. राज्य सरकारांनी आपापल्या सरकारी दंत महाविद्यालयांपासून सुरुवात करावी. पिवळ्या पिशव्या तिथेही रोज भरतात.